नव्याचे नऊ दिवस संपल्यावर: व्यायाम टिकवायचा कसा?

गुढीपाडवा, वाढदिवस किंवा १ जानेवारी, मुहूर्त कुठलाही असो. जिमची वर्षभराची फी एकदम भरली जाते, नवे बूट येतात, पहाटे साडेपाचचा गजर लागतो. पहिल्या आठवड्यात अंग आंबून जातं. दुसऱ्या आठवड्यात ऑफिसचं काम निघतं, तिसऱ्यात घरी पाहुणे येतात आणि मग ‘आता सोमवारपासून’ सुरू होतं. व्यायामाच्या कार्यक्रमात दाखल झालेल्यांपैकी साधारण निम्मे लोक पहिल्या सहा महिन्यांत गळतात, असं वेगवेगळ्या देशांतल्या अभ्यासांत वर्षानुवर्षं दिसत आलंय. तेव्हा तुमचा व्यायाम याआधी दोनतीनदा सुटला असेल, तर त्यासाठी स्वतःला आळशी ठरवू नका.

माझं ठाम मत असं आहे की बहुतेकांची आखणीच उत्साहाच्या दिवसाच्या मापाने झालेली असते. ती करायला हवी कंटाळ्याच्या दिवसाच्या मापाने. झोप नीट झालेली नाही, मुलाची परीक्षा आहे, बाहेर भुरभुर पाऊस आहे, अशा दिवशीही जेवढं जमेल, तेवढंच सुरुवातीला ठरवायचं. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच हिशोबाने मांडल्या आहेत. शाळा सुटल्यापासून मैदानाशी संबंध न आलेल्या, तिशी-चाळिशी-पन्नाशीतल्या माणसांसाठी हा लेख आहे.

पायरी १: वजनकाटा बाजूला ठेवा, कारण नीट शोधा

‘व्यायाम का करायचाय?’ असं विचारलं की दहातले आठ जण वजनाचं नाव घेतात. सुरुवात करायला हे कारण चालतं, पण टिकवायला फार कच्चं आहे. नुसत्या चालण्याने वजन हळू उतरतं, कधी महिना महिना काटा हलत नाही, आणि मग ‘काही उपयोग नाही’ म्हणून माणूस थांबतो. फायदा मात्र काटा हलण्याची वाट बघत नसतो. चेन्नईत डॉ. ए. रामचंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या ५३१ जणांवर केलेला अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. आहारातले बदल आणि रोजचं चालणं यांमुळे मधुमेह होण्याचं प्रमाण सुमारे २८ टक्क्यांनी घटलं. विशेष म्हणजे त्या गटाचं वजन फारसं उतरलेलं नव्हतं. आपल्याकडे घरटी एक तरी मधुमेही असताना ही गोष्ट प्रत्येकाला माहीत असायला हवी.

अमेरिकेतल्या रॉचेस्टर विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन यांनी माणसाच्या प्रेरणेवर कित्येक वर्षं काम केलं. त्यांच्या मांडणीचं सार सांगायचं तर माणूस एखादी गोष्ट दीर्घकाळ करतो ती तीन गरजा भागल्या तर: ती त्याने स्वतः निवडलेली असावी, ती आपल्याला जमतेय असं त्याला वाटावं आणि त्यात आपल्या माणसांची सोबत असावी. डॉक्टर रागावले, बायकोने टोमणा मारला, लग्नातल्या फोटोत पोट दिसलं, या गोष्टी माणसाला घराबाहेर काढतात, पण दीडदोन महिन्यांत त्यांची धार जाते.

म्हणून कागद घ्या आणि वजन सोडून दोन कारणं लिहा. एक लांबचं आणि एक आजचं. लांबचं म्हणजे ‘साठीतही गडावर स्वतःच्या पायांनी चढायचंय’ किंवा ‘गुडघे धरून उठावं लागू नये’. आजचं म्हणजे जे त्याच दिवशी जाणवेल: रात्रीची झोप, दुपारची मरगळ, डोकं शांत होणं, अर्धा तास कुणी हाक मारणार नाही ही मोकळीक. टिकाव आजच्या कारणावर जास्त अवलंबून असतो, म्हणून त्यावर थोडा जास्त वेळ घालवा.

पायरी २: तब्येतीची विचारपूस

हे थोडक्यात. हृदयविकार, रक्तदाब, मधुमेह, दमा यांपैकी काही असेल, गरोदरपण असेल किंवा जिना चढताना छातीत दुखतं, चक्कर येते असं घडलं असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. इन्सुलिन किंवा साखर कमी करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर व्यायामाने साखर जास्त खाली जाऊ शकते. खिशात साखर किंवा ग्लुकोज ठेवा आणि व्यायामाची वेळ बदलण्याआधी डॉक्टरांशी बोला. मधुमेहींनी अनवाणी किंवा चपलांवर चालू नये. मोजे-बूट घालावेत आणि घरी आल्यावर तळपाय बघावेत.

गुडघे दुखतात म्हणून चालणं बंद केलेली मंडळी खूप भेटतात. गुडघ्यांची झीज असेल तरी बेताचा व्यायाम आणि मांड्यांची ताकद यांनी दुखणं सहसा कमी होतं. पूर्ण बसून राहिलं तर स्नायू ढिले पडून ते वाढतं. किती आणि कसं करायचं ते फिजिओथेरपिस्टला एकदा दाखवून ठरवा.

पायरी ३: इतकं कमी, की नाही म्हणता येणार नाही

जागतिक आरोग्य संघटनेची २०२० सालची शिफारस अशी आहे: प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम जोराची हालचाल करावी किंवा ७५ ते १५० मिनिटं जोरकस, आणि त्याशिवाय आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंची ताकद वाढवणारा व्यायाम. पासष्टीच्या पुढच्यांनी तोल सांभाळण्याचे व्यायामही करावेत. हे गाठायचं ठिकाण झालं, निघायचं नाही. १५० मिनिटांच्या आकड्याला घाबरून शून्यावर बसलेला माणूस दहा मिनिटं चालायला लागला तरी त्याला फायदा होतो, हेही त्याच शिफारशीत स्पष्ट म्हटलं आहे.

दहा हजार पावलांचं दडपणही काढून टाका. हा आकडा जपानमधून आला. टोकियो ऑलिंपिकनंतर, १९६५ साली तिथे पावलं मोजणारं एक यंत्र बाजारात आलं, त्याच्या नावातच ‘दहा हजार’ होते. २०१९ साली आय-मिन ली यांनी सरासरी ७२ वर्षं वयाच्या सोळा हजारांहून जास्त अमेरिकन स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दिवसाला २,७०० पावलं चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण बरंच कमी होतं, आणि साडेसात हजारांच्या पुढे आणखी फायदा फारसा वाढत नव्हता. तुमचं वय कमी असेल तर आकडा थोडा वर सरकेल, पण जे आहे त्यात दोन हजारांची भर घालणं ही कुणासाठीही चांगली सुरुवात आहे.

पहिले दोन आठवडे आठवड्यातून पाच दिवस, दहा ते पंधरा मिनिटं. बस्स. वेग कुठला? चालताना शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे, पण गाणं म्हणायला गेलात तर मध्येच श्वास घ्यावा लागला पाहिजे. हीच मध्यम गती. दोन शब्दांनंतर धाप लागत असेल तर वेग कमी करा, त्यात कमीपणा नाही. व्यायाम करताना माणसाला कसं वाटतं, यावर पॅन्टेलेमन एक्केकाकिस यांनी पुष्कळ संशोधन केलंय. दम लागण्याची मर्यादा ओलांडली की बहुतेकांना व्यायाम नकोसा वाटू लागतो, आणि ज्याची आठवण नकोशी ती गोष्ट माणूस टाळतो. नवख्या माणसाला पहिल्याच दिवशी ट्रेडमिलवर पळवून घामाघूम करणारे ट्रेनर त्याचं नुकसान करतात असं मला वाटतं. शेवटची पाच मिनिटं सगळ्यात निवांत ठेवा, म्हणजे घरी येताना अंगात त्राण असतं आणि उद्याची धास्ती वाटत नाही.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात वीस मिनिटं, दुसऱ्या महिन्यात तीस. वाढवायचं ते एका वेळी एकच: मिनिटं वाढवली तर वेग तोच, चढ घेतला तर मिनिटं तीच. पुण्यातल्यांनी पहिल्याच दिवशी पर्वतीच्या पायऱ्या गाठू नयेत आणि साताऱ्यातल्यांनी अजिंक्यतारा. आधी महिनाभर सपाटीवर चाला, गड कुठे जात नाही.

पोटऱ्या-मांड्या दुखल्या तर घाबरू नका. सवय नसलेल्या स्नायूंचं दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वात जास्त असतं आणि मग ओसरतं. त्या दिवशी हळू चाला. सांध्यात टोचल्यासारखं दुखणं, सूज, किंवा एकाच जागी रोज वाढत जाणारी कळ मात्र वेगळी, तिथे थांबायचं.

पायरी ४: वेळ आणि जागा वाक्यात बांधा

‘रोज सकाळी व्यायाम करीन’ या वाक्यात पकडायला काही नाही. ‘सोमवार ते शुक्रवार, मुलीला स्कूलबसमध्ये बसवलं की तिथूनच बागेकडे वळीन आणि दोन फेऱ्या मारून घरी येईन’ या वाक्यात दिवस आहेत, जागा आहे आणि आधी घडणारी एक ठरलेली गोष्ट आहे. मानसशास्त्रज्ञ पीटर गॉलविट्झर यांनी अशा नेमक्या संकल्पाचा अभ्यास केला. त्यावर बेतलेला ब्रिटनमधला २००२ सालचा एक प्रयोग मला फार बोलका वाटतो. विद्यार्थ्यांचे तीन गट केले. एकाला नेहमीसारखंच राहू दिलं, दुसऱ्याला व्यायाम हृदयाला कसा चांगला याची माहिती दिली, तिसऱ्याला ती माहिती देऊन शिवाय ‘कुठे, कधी करणार’ ते लिहून घेतलं. पुढच्या आठवड्यात पहिल्या दोन गटांत ३५ ते ३८ टक्के जणांनी व्यायाम केला, तिसऱ्यात ९१ टक्क्यांनी. माहितीने जे झालं नाही ते एका लिहिलेल्या वाक्याने झालं.

वाक्य बांधताना घड्याळापेक्षा घटना धरा, कारण घरातली घड्याळं सारखी सरकतात. ‘साडेसहाला’ यापेक्षा ‘चहा झाला की’ जास्त भरवशाचं. रात्रीच बूट दाराशी, मोजे बुटात आणि कपडे खुर्चीवर काढून ठेवा. सकाळी अर्धवट झोपेत कपाट उघडून मोजे शोधायला लागले की तिथेच निम्मे परत अंथरुणात जातात.

इथे घरातल्या स्त्रियांबद्दल वेगळं बोलायलाच हवं. ‘लँसेट ग्लोबल हेल्थ’मध्ये २०२४ साली आलेल्या पाहणीनुसार २०२२ मध्ये भारतातले निम्मे प्रौढ पुरेशी हालचाल करत नव्हते. स्त्रियांमध्ये हे प्रमाण ५७ टक्के होतं, पुरुषांत ४२. यात प्रेरणेचा प्रश्न नंतर येतो, आधी वेळेचा येतो. पहाटे नळाला पाणी येतं, मग डबे, मग शाळा, मग स्वतःची नोकरी. सकाळची सहाची वेळ ज्या घरात पुरुषाला मोकळी मिळते, त्याच घरात ती बाईला मिळत नाही. त्यामुळे ‘मनात आणलं तर जमतं’ असं तिला सांगणं अन्यायाचं आहे. आठवड्यातले तीन दिवस डब्याचं काम घरातल्या दुसऱ्या कुणी तरी घ्यायचं, हे बोलून, वार ठरवून घ्या आणि फ्रिजवर लिहून लावा. ते होईपर्यंत दिवसभरात दहा-दहा मिनिटांचे तीन तुकडे करा. तुकड्यांत केलेली हालचालही हिशोबात धरली जाते. दुपारच्या जेवणानंतरची दहा मिनिटं तर साखरेसाठी विशेष उपयोगी. ‘घरात दिवसभर उभीच असते’ हे खरं असलं तरी उभं राहणं वेगळं आणि दम थोडा वाढेल असं चालणं वेगळं. ते तिला स्वतःसाठी मिळायला हवं.

पायरी ५: सोबत शोधा, स्पर्धा नको

दादरचं शिवाजी पार्क, कोल्हापूरचा रंकाळा, नागपूरचा अंबाझरी, कुठेही सकाळी गेलात तर ठरलेल्या बाकावर ठरलेली टोळकी दिसतात. ती कित्येक वर्षं येतात, कारण एक जण आला नाही तर फोन जातो. असा एक फोन करणारा माणूस मिळवा. तो तुमच्याच वेगाचा असावा. खूप पुढे गेलेल्या धावपटूबरोबर सुरुवात केली की पहिल्याच आठवड्यात आपण कुठेच नाही असं वाटायला लागतं. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ साली ‘मला हे जमेल’ या विश्वासाची मुळं दाखवून दिली. त्यांत पहिलं मूळ स्वतः केलेली गोष्ट यशस्वी होणं आणि दुसरं, आपल्यासारख्याच माणसाला ती जमताना बघणं. शेजारच्या पंचावन्न वर्षांच्या काकू दोन फेऱ्यांवरून चार फेऱ्यांवर आल्या, हे बघून जेवढा धीर येतो, तेवढा टीव्हीवरचा खेळाडू बघून येत नाही.

ग्रुपवर रोज किलोमीटरचे स्क्रीनशॉट टाकण्याचा काहींना उपयोग होतो, पण नवख्यांना त्याचा त्रासच जास्त. पहिले तीन महिने तिथे फक्त ‘झालं’ एवढंच लिहायचं असं ठरवून घ्या.

एकट्याने चालणं आवडणारेही असतात आणि तेही छान. आवडती मुलाखत, नाट्यसंगीत, कथावाचन जे काही असेल ते फक्त चालतानाच ऐकायचं असा नेम करा. रस्त्यावर एक कान मोकळा ठेवा.

पायरी ६: खंड पडणारच, त्याची आधीच तयारी

लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांना रोजची एक नवी सवय लावायला सांगून त्यांचा मागोवा घेतला. २०१० साली निष्कर्ष आले. एकवीस दिवसांत सवय लागते ही समजूत त्यात टिकली नाही. मधला आकडा ६६ दिवसांचा निघाला. कुणाला १८ दिवस पुरले, तर कुणाला २५४ लागतील असा अंदाज आला, आणि खाण्यापिण्याच्या सवयींपेक्षा व्यायामाला जास्त वेळ लागला. पण त्यातला सगळ्यात दिलासा देणारा भाग असा की एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्याच्या वाटचालीवर फारसा परिणाम झाला नाही. घात होतो तो ‘आता मोडलंच’ या विचाराने. म्हणून नियम एवढाच ठेवा: एक दिवस चुकला तर चुकू दे, लागोपाठ दोन चुकवायचे नाहीत.

आपल्याकडचे खंड कधी पडतात हे आधीच माहीत असतं. जूनमध्ये पाऊस लागला की टेकडीच्या वाटा निसरड्या होतात, मैदानात चिखल होतो आणि चालणारे जे घरात बसतात ते थेट नवरात्रात बाहेर पडतात. मध्ये गणपती, पुढे दिवाळी, मग लग्नसराई. एप्रिल-मेमध्ये विदर्भ-मराठवाड्यात सकाळी आठलाच ऊन चटके देतं. यातलं काहीही अचानक येत नाही. मे महिन्यातच पावसाळ्यातली जागा ठरवून ठेवा: इमारतीचं पार्किंग, जिना, शाळेचा व्हरांडा, काहीच नसेल तर घरातली मोठी खोली. जिना वापरणार असाल तर चढायचं आणि गुडघे नाजूक असतील तर लिफ्टने उतरायचं. उन्हाळ्यात सूर्य वर यायच्या आत किंवा तो मावळल्यावर बाहेर पडा आणि पाणी जवळ ठेवा.

त्याशिवाय एक ‘अगदीच नाही जमलं तर’चा व्यायाम ठरवा, पाच मिनिटांत संपणारा. कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत तो ओट्यापाशीच होतो. न घसरणारी, बिनहाताची खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. प्लास्टिकची नको, ती फरशीवर सरकते. खुर्चीच्या कडेवर बसा, पावलं खांद्यांइतकी लांब, टाचा जमिनीला घट्ट. हात छातीशी घेऊन जरा पुढे झुका आणि श्वास सोडत उभे राहा. आता बसताना तीन आकडे मोजत सावकाश खाली या, धपकन बसू नका, कारण मांड्यांचं खरं काम या उतरण्यातच आहे. पाच वेळा करा. मग भिंतीवर तळहात टेकवून, पाय दीड हात मागे घेऊन, भिंतीवरचे जोर पाच. मग ओट्याला धरून टाचा दहा वेळा उचला आणि हळू टेका. संपलं. असे दिवस ‘झालं’ म्हणूनच मोजायचे.

पायरी ७: दोन महिन्यांनंतर ताकद

चालणं अंगवळणी पडलं की आठवड्यातले दोन दिवस ताकदीला द्या. वर सांगितलेलेच तीन व्यायाम आठ-दहा वेळा, मध्ये मिनिटभर थांबून दोन-तीन फेऱ्या. जोर-बैठका तालमीतल्या पोरांसाठीच असतात हा समज सोडा, खुर्चीवरची उठबस ही बैठकच आहे. चाळिशीनंतर स्नायू हळूहळू घटत जातात आणि चालण्याने ते पुरेसे राखले जात नाहीत, म्हणून ही पायरी स्त्रियांनी तर अजिबात गाळू नये.

सूर्यनमस्कार आवडत असतील तर उत्तम. औंध संस्थानच्या भवानराव पंतप्रतिनिधींनी ते शाळाशाळांतून शिकवले आणि आजही रथसप्तमीला मैदानं भरतात. फक्त रथसप्तमीला एकदम १०८ घालून मग आठवडाभर पाठ धरून बसण्यापेक्षा रोज तीन, सावकाश, श्वासासकट घाला आणि दर आठवड्याला एक-दोन वाढवा. रक्तदाब आटोक्यात नसेल किंवा मणक्याचं दुखणं असेल तर खाली वाकण्याच्या स्थितींबद्दल आधी विचारून घ्या.

नोंद आणि परत येणं

भिंतीवरच्या कॅलेंडरवर व्यायाम झालेल्या तारखेला गोल करा, बाकी काही नको. महिन्यातून एकदा तीन गोष्टी बघा: नेहमीच्या चढाला पूर्वीइतका दम लागतो का, रात्री झोप कधी लागते, कंबरेचा पट्टा कुठल्या भोकावर आला. मोजायचंच असेल तर टेपने कंबर मोजा. आपल्याकडच्या पुरुषांत ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटर ही धोक्याची रेषा धरतात, आणि वजनापेक्षा ती पोटाच्या चरबीबद्दल जास्त सांगते.

आजारपण, प्रवास, घरातलं दुःख, यांमुळे कधीतरी तीन-चार आठवड्यांचा मोठा खंड पडेलच. परत येताना जिथे सोडलं तिथून सुरू करू नका. पहिला आठवडा निम्मी मिनिटं, सपाट रस्ता. दुसऱ्या आठवड्यात पाऊणपट, तिसऱ्यात पूर्ववत. तापातून उठला असाल तर ताप जाऊन अंगातली कणकण पूर्ण थांबेपर्यंत फक्त घरातल्या घरात चाला, आणि बाहेर पडल्यावर छातीत धडधड किंवा नेहमीपेक्षा जास्त धाप जाणवली तर डॉक्टरांकडे जा. आणि तो फोन करणारा माणूस आठवतोय ना, त्याला परत येण्याचा दिवस आदल्या रात्रीच कळवून ठेवा.